डोकं वाकडं म्हंजे काय?

जानेवारीतली गोष्ट. दुपारचे अडीच वाजून गेले होते, सकाळची गर्दी ओसरली होती. मी लॅबच्या खिडकीतून वीर्यतपासणीचा रिपोर्ट दिला, पण तो माणूस लगेच हलला नाही. कागद दोन्ही हातांनी धरून तिथेच उभा राहिला. तिशी-बत्तिशीचा असेल. शर्टाला धुराचा आणि काकवीचा वास येत होता. आमच्या मिरज-सांगलीकडे हा वास सांगावा लागत नाही, माणूस गुऱ्हाळावरून आलाय हे नाकालाच कळतं. त्याची बायको बाहेरच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीत वाकून हळू आवाजात विचारलं, "ताई, ह्यात हेड डिफेक्ट लिवलंय. डोकं वाकडं म्हंजे काय?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "डॉक्टर नीट समजावून सांगतील, दादा." तो मान हलवून निघाला, चार पावलं गेला आणि परत आला. "न्हाई, म्हंजे... उद्या पोरगं झालंच, तर त्येचंबी डोकं वाकडं असंल का?"

"छे छे, तसं काही नसतं," मी म्हणाले. मागे फोन वाजत होता. त्याने कागदाच्या चार घड्या केल्या, वरच्या खिशात ठेवल्या, खिशावर एकदा हात फिरवला आणि गेला.

ते "छे छे" मला रात्री झोपू देईना.

बावीस वर्षं मी हे काम करते आहे. वीर्याचा थेंब काचेवर घ्यायचा, दुसऱ्या काचेच्या कडेने पसरायचा, हवेवर सुकू द्यायचा, मग पॅप स्टेन नावाच्या रंगाच्या बरण्यांमधून एकामागून एक बुडवून काढायचा. वर तेलाचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सखाली धरला की निळ्या-जांभळ्या खुणांचं रान उठतं. एकेक शुक्रपेशी बघायची, दोनशे होईपर्यंत मोजायची. डाव्या हाताखाली काउंटर असतो. नॉर्मल, डोकं, मान, शेपूट. टक, टक, टक. कुणाचं डोकं टाचणीच्या माथ्याएवढं, कुणाचं गाजरासारखं निमुळतं, कुणाचं अगदी गोल गोटी, तर कधी एकाच शेपटीला दोन डोकी. शेपटी कुठे जिलबीसारखी गुंडाळलेली, कुठे मानेपाशीच काटकोनात मोडलेली. इतकी वर्षं मी ह्यांना खणांमध्ये टाकत आले. हा असा का झाला, सरळ असतो तो तरी सरळ कसा होतो, हे बी.एस्सी.ला असताना परीक्षेपुरतं वाचलं होतं आणि परीक्षेबरोबर ते संपलंही होतं. त्या माणसाने विचारलेला प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. त्या आठवड्यात मी जुनी पुस्तकं काढली, पुतणीकडून नवी मागवली, आणि रात्री आईची औषधं झाली की वाचत बसले.

सुरुवातीला ती पेशी गोल असते. आपल्या अंगातल्या दुसऱ्या कितीतरी पेशींसारखी गोल, भरलेली. मध्ये केंद्रक, भोवती पाणचट पेशीरस, त्यात सगळा संसार. गुणसूत्रं निम्मी झालेली असतात, म्हणजे वाटणीचं काम उरकलेलं असतं. आता फक्त आकार यायचा असतो. आणि ती एकटी नसते. ज्या पेशींतून ती विभागून आली, त्या कधी पुरत्या वेगळ्या झालेल्याच नसतात. त्यांच्यामध्ये बारीक पूल राहिलेले असतात आणि त्या पुलांवरून एकीचा माल दुसरीकडे जात असतो. कुणाकडे एक्स गुणसूत्र असतं, कुणाकडे वाय. ज्याच्याकडे जे नाही, ते शेजारचा भाऊ पुरवतो. ही सगळी भावंडं हातात हात धरून एकदमच मोठी होतात. शर्यतीची जी गोष्ट आपण ऐकत आलो, लाखो धावतात आणि एक जिंकतो, तिच्या आधीचे हे कितीतरी आठवडे असे एकमेकांना धरून काढलेले असतात. मला हे वाचून खूप बरं वाटलं. का ते तेव्हा कळलं नाही.

मग पेशीला पुढचं आणि मागचं कळायला लागतं. केंद्रकाच्या एका बाजूला गॉल्जीतून, म्हणजे पेशीतला माल बांधून पाठवणाऱ्या भागातून, निघालेल्या बारीक पिशव्या जमतात, एकमेकींत मिसळतात आणि केंद्रकावर टोपीसारख्या पसरतात. ही टोपी म्हणजे अॅक्रोसोम. अंड्याभोवतीच्या आवरणातून वाट काढायला लागणारी द्रव्यं हिच्यात भरलेली असतात. ज्या अंगाला टोपी, ते पुढचं. त्याच वेळी सेंट्रिओल नावाच्या दोन बारीक नळकांड्यांची जोडी बरोबर उलट्या अंगाला जाऊन बसते आणि तिच्यातल्या एकापासून शेपटी फुटायला लागते. टोपी नीट चिकटली नाही तर डोकं गोलच राहतं. ही टोपी केंद्रकाला धरून ठेवणारं एक प्रोटीन आहे, आणि त्याचं जनुक नसलं की सगळीच डोकी गोल येतात हे २०११ साली समजलं. माझ्या काउंटरवर मी "डोकं" म्हणून जी एक टक करते, तिच्यामागे हे एवढं असतं.

मी मिरजेत सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी वाढले. शाळेतून येताना दर्ग्याकडून यायचं आणि कुठल्या तरी दुकानाच्या पायरीवर टेकायचं, कुणी उठ म्हणत नसे. पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे दुकानासमोर ढिगाने पडलेले असत, पोटाला धरून वाजवले की ठण्ण आवाज द्यायचे. भोपळा भिजवायचा, वरचं तोंड कापायचं आणि आत हात घालून वाळलेला गर, बिया, जाळी सगळं खरवडून काढायचं. तो खरवडण्याचा खर्रखर्र आवाज आणि भिजल्या भोपळ्याचा कडवट वास अजून माझ्या नाकात आहे. मग गळा बसायचा, गळ्याला दांडी लागायची, आणि परवापर्यंत बाजारात पडलेलं फळ एकाएकी लांब मानेचं, कुणीतरी मांडीशी घेऊन बसावं असं काही होऊन जायचं. शुक्रपेशीचं चित्र पुस्तकात पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा मला भिंतीला टेकवून ठेवलेले तंबोरेच दिसले. फरक इतकाच की तिथे भोपळ्याला आकार देणारे हात बाहेरचे होते. इथे हातही पेशीच्या आतलेच.

डोक्याला लांबट आकार येतो तो एका झालरीमुळे. केंद्रकाच्या कमरेपाशी एक कडं तयार होतं आणि त्यातून मागच्या दिशेने सूक्ष्मनलिकांचा घेर लोंबतो, परकरासारखा. शास्त्रज्ञांनी त्याला मँशेट म्हटलं, फ्रेंचमध्ये बाहीचा कफ. हे कडं मागे सरकत जातं, आवळत जातं आणि गोल केंद्रक हळूहळू लांबट होतं. शिवाय ह्याच नलिकांवरून शेपटीला लागणारा माल मागे पोचवला जातो. काम झालं की झालर उसवून टाकायची असते. ती वेळेवर उसवली नाही, किंवा तिरकी आवळली गेली, तर डोकं निमुळतं होतं, मुरगळतं. उंदरांवर केलेल्या प्रयोगांत हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. वाकडं डोकं म्हणजे, दादा, एवढंच. आत जी गुणसूत्रं आहेत त्यांत बाळाच्या डोक्याचा आकार लिहिलेला असतो, ह्या डोक्याचा आकार बाळाकडे जात नाही. मला त्या दिवशी खिडकीत हे सांगता आलं असतं. दोन मिनिटं लागली असती.

डोक्याच्या आत दुसरंच काम चाललेलं असतं. आपल्या पेशींत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. इथे ती रिळं काढून त्यांच्या जागी प्रोटामिन बसवतात आणि सगळा डीएनए दाबून, ठासून, मूळ जागेच्या जेमतेम दहाव्या भागात बसवतात. इतकं घट्ट बांधलं की आतलं काही वाचता येत नाही. म्हणून पुढे लागणारी प्रोटीनं कशी करायची त्याच्या चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवाव्या लागतात. उंदरात प्रोटामिनची चिठ्ठी जवळजवळ आठवडाभर तशीच ठेवलेली असते आणि वेळ आली की उघडली जाते. हे प्रोटामिन पहिल्यांदा मिळालं ते १८७४ साली, बाझेलमध्ये, फ्रीडरिश मीशरला, ऱ्हाइन नदीतल्या सामन माशाच्या शुक्रपेशींत. हे वाचताना मी चमकले. आईला रोज सकाळी जे ढगाळ इन्सुलिन देते, बाटली दोन तळव्यांमध्ये फिरवून, हलवायची नाही फिरवायची, त्या इन्सुलिनला सावकाश विरघळायला लावणारं प्रोटीन हेच. ज्या वस्तूचं नाव आमच्या घरात कुणी तोंडाने घेणार नाही, तिच्यातली एक गोष्ट पंधरा वर्षं आमच्या फ्रिजच्या दारात आहे.

शेपटीबद्दल थोडं जास्त लिहायचंय, कारण वाचताना मी तिच्यातच अडकले. डोकं ५ मायक्रॉनच्या आसपास, तर शेपटी ५० मायक्रॉन. दोन्ही धरून केसाच्या जाडीत मावतील. तिच्या गाभ्यात गोलाकार नऊ जोड नलिका आणि मधोमध दोन सुट्या, अशी मांडणी असते. जोड नलिकांना बारीक हात असतात, डायनीनचे. हे हात शेजारच्या नलिकेवर चालतात, नलिका एकमेकींवरून सरकतात आणि शेपटी वळते. हीच मांडणी साठलेल्या हिरव्या पाण्यातल्या शेवाळाच्या एका पेशीला पोहायला लावते, आणि हीच आपल्या श्वासनलिकेतल्या बारीक केसांत आहे, कफ वर ढकलणाऱ्या. स्वीडनच्या ब्यर्न अफ्झेलियस यांनी १९७६ मध्ये असे पुरुष दाखवले ज्यांच्या शुक्रपेशी जिवंत होत्या पण हलत नव्हत्या. शेपट्यांमधले हातच गायब होते. ह्या माणसांना लहानपणापासून छातीचा, सायनसचा त्रास होता, आणि काहींचं तर हृदय उजवीकडे होतं. गर्भात डावं-उजवं ठरवतानाही असेच केस हलावे लागतात. मूल होत नाही म्हणून जो तपासायला येतो, त्याचा खोकला कुणी विचारतं का? मी आता विचारते.

शेवटी पेशी बहुतेक सगळं टाकून देते. पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया मानेमागे शेपटीभोवती मळसूत्रासारखे गुंडाळले जातात. बाकीचा पेशीरस, उरलंसुरलं सामान, एका गोळ्यात बांधून मागे सोडलं जातं. भावंडांमधले पूल त्या गोळ्याबरोबर जातात. हे मागे राहिलेलं सगळं सर्टोली पेशी गिळून टाकतात. एन्रिको सर्टोली यांनी १८६५ मध्ये त्या पहिल्यांदा दाखवल्या. सुरुवातीपासून ह्या पोरांना कुशीत धरून बसलेल्या त्याच असतात. डोकी त्यांच्या अंगात रुतलेली, शेपट्या नळीच्या पोकळीत लोंबणाऱ्या. मग एक दिवस त्या हात सोडतात. पहिल्या पेशीपासून इथपर्यंत ७४ दिवस लागतात. आणि तरीही, इतकं होऊनही, सुटलेल्या शुक्रपेशीला पोहता येत नाही.

हे मला माहीत नव्हतं, असं म्हटलं तर खोटं होईल. पाठ होतं, पण कधी जाणवलं नव्हतं. वृषणाबाहेर एक नळी असते, सरळ केली तर जवळजवळ ६ मीटर भरेल, ती वेटोळी करून बोटभर जागेत बसवलेली. तिच्यातून जायला शुक्रपेशींना काही दिवस लागतात, आणि त्या प्रवासातच हालचाल येते. गल्लीत तंबोरा पूर्ण झाला, रंग चढला, तारा चढल्या, तरी कारागीर गिऱ्हाइकाला हात लावू देत नसत. अजून बोलत नाही, म्हणत. मग एक म्हातारे बुवा घोडीशी, तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीशी, तासन्‌तास बसत. हलक्या हाताने घासायचं, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा घासायचं. जवारी निघाली की तो बंद लाकडाचा आवाज एकदम मोकळा व्हायचा आणि गल्ली भरून जायची. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. पायरीवर बसून तो क्षण पकडायचा प्रयत्न करायचे. आता बोलला, आता बोलला. कधीच नेमका सापडला नाही.

आमच्या धाकट्या काकूला मूल झालं नाही. ती वारली त्यालाही आता बारा वर्षं झाली. ओटी भरायच्या वेळी ती आपोआप स्वयंपाकघरात जायची, कुणी जा म्हणायच्या आधी. तिच्यासाठी वापरला जाणारा शब्द मी इथे लिहीत नाही, वाचणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे. तिच्या तपासण्या झाल्या, नवस झाले, पंढरीची वारी झाली. काकांची काच एकदाही कुठल्या लेन्सखाली गेली नाही. तशी पद्धतच नव्हती. काका वाईट नव्हते, तिच्यावर त्यांचा जीव होता. पण विचारायचं कुणी? मी ह्या कामाला लागले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. काचा बघताना कधी कधी मला काकू आठवते, आणि मग मी एक-दोन पेशी चुकीच्या खणात टाकते की काय असं वाटून पुन्हा पहिल्यापासून मोजते.

त्या गुऱ्हाळवाल्या माणसाचा आकडा होता ३. शंभरात तीन सरळ, बाकीच्यांत काही ना काही कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत खालची मर्यादा ४ टक्के आहे. ऐकून माणसाच्या पायाखालची जमीन सरकते. पण ही मर्यादा कुठून आली ते त्याला कुणी सांगत नाही. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांच्या काचा तपासल्या, तेव्हा त्यांतल्याही शंभरातल्या पाचांचा आकडा चारच्या खाली होता. आणि ह्या बाप झालेल्यांचा मधला आकडा किती, तर १४-१५. म्हणजे निम्म्या बापांच्या शंभर शुक्रपेशींतल्या पंच्याऐंशी किंवा त्याहून जास्त वाकड्या-तिकड्याच असतात. सेकंदाला हजारावर शुक्रपेशी घडवणारं हे काम आहे. त्यात झालर तिरकी पडते, टोपी सरकते, शेपटीचा माल वाटेत अडतो. ह्याला बिघाड म्हणायचं की कामाची रीत, ह्यावर मी बराच विचार केला. मला आता रिपोर्टवरचा डिफेक्ट हा शब्द सहन होत नाही. "पूर्ण न झालेली" असं लिहिलं असतं तर तो माणूस खिडकीत वाकून तो प्रश्न विचारायला आला नसता.

पाडव्यानंतर तो पुन्हा आला. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं होतं. तीनच महिने का, ते मला आता कळत होतं. चौऱ्याहत्तर दिवस घडायला, वर वेटोळ्या नळीतले काही दिवस. आज काचेवर जे दिसतं ते माणसाच्या अडीच-तीन महिन्यांपूर्वीच्या दिवसांचं असतं, तेव्हाचा ताप, तेव्हाची उष्णता. वृषण शरीराबाहेर आहेत तेच मुळी दोन-चार अंश थंड राहायला. बोलता बोलता कळलं, तो जळव्या आहे. हंगामभर चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडं सारायची, वर काहील उकळते, पाठीला वारा, पुढे आग. आता हंगाम संपला होता. मनगटावर जुन्या चटक्यांचे पांढरे डाग होते. नवा आकडा आला ५. दोनशेतले दोन-चार इकडे-तिकडे झाले तरी टक्का हलतो, हे मी त्याला सांगितलं. हुरळून जाऊ नका, डॉक्टरांशी बोला. मग मी म्हणाले, "दादा, मागं तुम्ही विचारलं होतं ना, वाकडं म्हणजे काय? आत या."

त्याने चपला दाराबाहेर काढल्या. स्टुलावर बसला, मायक्रोस्कोपला हात न लावता डोळा जवळ नेला आणि म्हणाला, "काळं दिसतंय." पहिल्यांदा सगळ्यांना स्वतःच्या पापण्याच दिसतात. मी त्याला थोडं मागे यायला सांगितलं. मग तो एकदम गप्प झाला. मी बाजूला उभी राहून सांगत गेले. गोल पेशी, टोपी, झालर, शेपटी, टाकून दिलेलं सामान. गुऱ्हाळाच्या भाषेत सांगायला गेले, जमलं नाही. तो मात्र मधेच म्हणाला, "म्हंजे पाक उतरवायची येळ चुकली की गूळ बसत न्हाई, तसं." मी म्हटलं, तसंच. बाळाच्या डोक्याचंही सांगितलं, ह्या वेळी नीट, सावकाश. त्याने डोळा काढला नाही. "ह्यात सरळ कुठला?" त्याने विचारलं. त्या जागेत एकही नव्हता. मी काच हळूहळू सरकवत गेले, एक जागा, दुसरी, तिसरी. मग सापडला. "मधोमध बघा. अंड्यासारखं डोकं, पुढं फिकट, मागं गडद. मान सरळ. शेपटी शेवटपर्यंत दिसते बघा." तो किती वेळ बघत होता, मी घड्याळ पाहिलं नाही. मग उठला आणि दाराशी जाऊन म्हणाला, "जरा आत ये गं."

तिने पिशवी बाकावर ठेवली, पदराने हात पुसले, जणू काही घ्यायचं होतं. स्टुलावर बसली नाही, उभ्यानेच वाकली. धक्का लागून काच थोडी हलली असेल, म्हणून मी बारीक नॉबकडे हात नेला.

"थांबा ताई," ती म्हणाली, "हलवू नका. दिसला."